क्षमेच्या आधी काय: बालपणीचा अत्याचार आणि आपली मंडळी

पाळकसाहेब, मंडळीतले वडीलजन, महिला मंडळाच्या बहिणी आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो,

आज बायबलमधलं दुसरे शमुवेल, अध्याय १३ उघडून बसू या. हा अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. तामार ही दावीद राजाची मुलगी. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजाराचं सोंग घेऊन तिच्या हातचं खायला मागतो, आणि खुद्द बापच तिला त्याच्या घरी पाठवतो. ती स्पष्ट शब्दांत नाही म्हणते. तो बळजबरी करतो आणि मग तिला बाहेर काढून दार लावून घ्यायला सांगतो. डोक्यात राख, फाटलेला झगा, मोठ्यानं आक्रोश, अशी ती निघते. ती काहीही लपवत नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो, तो तुझा भाऊच आहे म्हणतो. दावीद संतापतो, पण करत काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाचा खून करवतो, त्यातून पुढे अख्खं राजघराणं होरपळतं. तामारेला मात्र त्या खुनानं काहीच मिळत नाही. ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढंच शास्त्र सांगतं.

आपल्या गावातल्या भावकीतही हेच घडतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि सुमारे निम्म्या प्रकरणांत करणारा माणूस ओळखीचा, विश्वासातला होता. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बीड, जालना, परभणीकडून बाहेर पडतात आणि उन्हाळा लागता परततात. मागे राहिलेली लेकरं आजीकडे, चुलत्याकडे, नाहीतर वसतिगृहात असतात. त्या महिन्यांत कोणतं लेकरू कोणाकडे आहे, याची यादी पाळकांकडे असली पाहिजे आणि दर आठवड्याला कोणीतरी त्याच्या घरी डोकावलं पाहिजे.

लेकरू सरळ सांगत नाही. ‘मला न्हाई जायचं काकाकडं’ एवढंच म्हणतं, किंवा नऊ-दहा वर्षांचं होऊनही पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. त्यानं तोंड उघडलं तर तुम्ही चार गोष्टी बोला: सांगितलंस हे चांगलं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, आता मी मदत आणतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून विचारू नका. ‘काकानं इथं हात लावला का?’ असा प्रश्न टाकला की उत्तर तुमच्या तोंडचं होतं, आणि पुढे उलटतपासणीत तेच लेकराच्या अंगाशी येतं. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा.

घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा, कारण एचआयव्ही रोखणारं औषध त्यानंतर उपयोगी पडत नाही, आणि गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयानं उपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे असतात. आधी पोलिसांचा कागद आणा, असं म्हणता येत नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम १९ सांगतं की गुन्हा झाल्याचं कळलेल्या कोणत्याही व्यक्तीनं तो कळवलाच पाहिजे. पाळकाला यातून सूट नाही. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे वसतिगृहातली गोष्ट कमिटीच्या बैठकीत ‘आपसांत’ मिटवणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, आरोपी समोर नसावा, आणि रात्री लेकराला ठाण्यात थांबवता येत नाही. हे पालकांना आधीच सांगा, निम्मी भीती तिथंच कमी होते. चाइल्डलाइनचा, म्हणजे लेकरांसाठीच्या मदतवाहिनीचा, क्रमांक १०९८. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चालतं.

आता ज्यांचं बालपण मागे सरलं आहे त्यांच्याकडे वळतो. पस्तीस-चाळीस वर्षांची बहीण पहिल्यांदा बोलते तेव्हा तिला तक्रारीसाठी रेटू नका आणि अडवूही नका. गंभीर गुन्ह्यांना मुदतीचं बंधन नाही, पण वर्षं गेली की पुरावा जमवणं कठीण होतं. या दोन्ही बाजू तिला सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे: तो माणूस आजही लेकरांच्या सहवासात आहे का? असेल तर आज धोक्यात असलेल्या लेकरासाठी तुम्हाला लगेच हालचाल करावी लागेल.

तिच्या विश्वासाचं काय होतं, हे आपण नीट पाहत नाही. ज्या घरात बापानंच अत्याचार केला तिथं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना घसा बंद होतो. हा अविश्वास नव्हे. तिला ‘मेंढपाळा’, ‘माझ्या दुर्गा’ (म्हणजे माझ्या किल्ल्या) अशी हाक मारू द्या, दोन्ही शब्द स्तोत्रसंहितेतलेच आहेत. पुष्कळांना डोळे मिटून प्रार्थना जमत नाही, कारण मिटल्या डोळ्यांपुढे तीच खोली उभी राहते. डोळे उघडे राहू द्या. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. रात्रभराच्या प्रार्थनेला बोलावू नका, आधीच तुटलेली झोप आणखी तुटते. उपवासाचंही तसंच, औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलियाला देवदूतानं आधी झोपू दिलं आणि दोनदा खाऊ घातलं (१ राजे १९). देवाचा प्रश्न त्यानंतर आला.

सर्वांत मोठी हानी प्रार्थनेच्या मेळाव्यांमध्ये होते. संगीत चढतं, कोणी मागून खांद्याला धरतं आणि तिचं शरीर पुन्हा त्या जुन्या क्षणात जातं. ती थरथरते, ओरडते, कधी नुसतीच दगडासारखी होते. भूत लागलं म्हणून चौघे तिला दाबून धरतात आणि कानाशी ओरडतात. लहानपणी तिला असंच दाबून धरलेलं असतं. त्याऐवजी माईक बंद करा, गर्दी हटवा. एका बाईनं समोर, हातभर अंतरावर बसावं आणि शांत आवाजात तिचं नाव, आजची तारीख, गावाचं नाव सांगावं. पावलं जमिनीला टेकवायला लावा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा, हातावर गार पाणी द्या. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाची धडधड उतरते आणि आपण आज, इथं आहोत हे शरीराला कळू लागतं. बोलणं नंतर, तिची इच्छा असेल तर.

आता क्षमेबद्दल, कारण आपल्या मंडळ्यांत सगळं इथंच अडकतं. तिनं सांगितलं की आठवड्यात कोणीतरी मत्तय १८ उघडून म्हणतं, सत्तर वेळा सात क्षमा कर. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे, ती कोणी वाचत नाही. लूक १७:३ मधला क्रम पाहा: आधी दोष दाखव, त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आरोपीच्या घरी एकटीनं जाऊन बोलायला तिला कधीही पाठवू नका. ‘एकांतात जाऊन त्याचा दोष दाखव’ हे मत्तय १८:१५ बरोबरीच्या भावांमधल्या तंट्यासाठी आहे. क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे, पोक्सोचा खटला आपसांत मिटवताच येत नाही. क्षमा म्हणजे पुन्हा एका घरात राहणंही नव्हे. ती क्षमा करील तर ती तिची आणि देवाची गोष्ट आहे, तिच्या वेळेनं होईल, आणि त्यासाठी कोणी तारीख ठरवू नये.

तोवर तिच्या रागाला जागा द्या. स्तोत्र ५५ वाचा: वैरी असता तर सोसलं असतं, पण तू माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. ते तिथंच संपू द्या, पाठोपाठ स्तुतीचं गाणं लावू नका. एका बैठकीला एकच स्तोत्र पुरे, तेही तिनं निवडलेलं.

प्रार्थनेबरोबर उपचारही लागतात. आघातावर केंद्रित मानसोपचार काही महिने चालतात, आणि सुरुवातीला झोप आणखी बिघडू शकते. पुष्कळ जणी तिथंच सोडून देतात, म्हणून त्या काळात सोबत बसगाडीनं जाणारी एक बहीण ठरवून ठेवा. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मंडळीपुढे साक्ष दिली, बरी झाले, म्हणून त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता आणि जुना त्रास परत येतो. जिल्हा रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. मानसिक त्रासासाठीच्या टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर दिवसरात्र मोफत बोलता येतं. आणि साक्ष देण्याचा आग्रह धरू नका. लहान मंडळीत, लहान गावात, व्यासपीठावरून एकदा बोललेलं परत घेता येत नाही.

शेवटी, अत्याचार करणारा माणूस शिक्षा भोगून परत आला तर काय करायचं? त्याच्या पश्चात्तापाची परीक्षा त्याच्या अश्रूंवरून करू नका. तो गुन्हा नाव घेऊन कबूल करतो का, तिच्या उपचाराचा खर्च देतो का, अटी कुरकुर न करता पाळतो का, हे पाहा. लेकरांचं कोणतंही काम, गायनवृंद किंवा सहलीची जबाबदारी त्याला आयुष्यभर मिळणार नाही. मंडळी तिची आहे, म्हणून दुसऱ्या मंडळीत जायचं ते त्यानं, आणि तिथल्या पाळकांना लेखी कळवायचं ते तुम्ही. जवळपास दुसरी मंडळी नसेल तर त्याच्यासाठी वेगळी उपासना, वेगळं प्रभुभोजन आणि नेमलेले दोन वडील सोबत. ही व्यवस्था लिहून काढा, एक प्रत तिच्याकडे द्या, आणि दर सहा महिन्यांनी आधी तिला विचारून मगच या व्यवस्थेत काही बदल करा.