फेझर मागवण्याआधी ऑइलचा दाब मोजा: एफ-१५०, ५.४ थ्री-व्हॉल्व्ह

नमस्कार मंडळी. बोलायच्या आधी हा आवाज ऐका.

[क्लिप: गरम इंजिन, गिअर ड्राइव्हमध्ये, पाय ब्रेकवर. टक-टक-टक.]

ही फोर्डची एफ-१५०. इंजिन ५.४ लिटर, व्ही-८, थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटन. गाडी पेट्रोलची, पण सिग्नलला उभी राहिली की डिझेलसारखी ठोकते. २००४ ते २०१० या मॉडेलच्या एफ-१५० मध्ये हे इंजिन होतं, एक्स्पिडिशन आणि लिंकन नॅव्हिगेटरमध्येही होतं. अमेरिकेत जुना पिकअप घेणाऱ्याच्या वाट्याला आजही हेच इंजिन यायची शक्यता बरीच असते.

हा आवाज बहुतेक वेळा कॅम फेझरचा असतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम) मागेपुढे सरकवणाऱ्या चाकाचा. मग माणूस काय करतो? फेझरची जोडी मागवतो, बसवतो, आठ दिवस खुशीत असतो. आणि काही महिन्यांत टक-टक परत सुरू. लगेच म्हणतो, पार्टच डुप्लिकेट निघाला. असेलही. पण बऱ्याचदा पार्ट चांगला असतो, त्याच्यापर्यंत पोचणारं ऑइल कमी पडत असतं. आजचा व्हिडिओ फेझर बदलण्याचा आहे, पण त्यातला निम्मा वेळ मी ऑइलबद्दल बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

[फेझर हातात घेऊन]

हा फेझर. बाहेरून बघितला तर टायमिंग चेनचं चाक. पण बाहेरचे दाते आणि आतला गाभा एकमेकांना पक्के जोडलेले नाहीत. गाभा कॅमशाफ्टला बोल्टने बसतो, दाते चेनबरोबर फिरतात आणि दोघांच्या मध्ये हे कप्पे आहेत, बघा. गाभ्याला पाती आहेत. पात्याच्या एका बाजूला दाबाने ऑइल सोडलं की गाभा एका दिशेने सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की उलट. म्हणजे चेन न हलवता कॅम मागेपुढे करता येतो. कोणत्या कप्प्यात किती ऑइल जायचं ते हा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह, ठरवतो, आणि सोलेनॉइडला हुकूम देतो इंजिनचा कॉम्प्युटर.

या इंजिनात प्रत्येक बाजूच्या हेडवर एकच कॅम आहे. सिलिंडरमागे दोन इनटेक व्हॉल्व्ह, एक एक्झॉस्ट, आणि तिन्ही त्याच कॅमवर. त्यामुळे फेझर हलला की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींचं टायमिंग एकत्र सरकतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, हिशोबाने ६० अंशांपर्यंत उशीर करता येतो. फायदा काय? हलक्या लोडवर एक्झॉस्ट उशिरा बंद झाला तर थोडा जळलेला गॅस सिलिंडरमध्येच राहतो, ज्वलन थंड होतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. इंजिन बंद असताना फेझर आपल्या मूळ जागी येतो आणि आतली एक छोटी पिन त्याला तिथे अडकवून ठेवते.

आता ठोकतं का, ते समजून घ्या. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा स्प्रिंग त्याला विरोध करते, कॅमला मागे ढकलते. उंचवटा उतरायला लागला की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. मागे, पुढे, मागे, पुढे, दर फेरीला कितीतरी वेळा. कप्प्यांत ऑइल गच्च भरलेलं असेल तर हे धक्के ऑइल झेलतं. दाब कमी असेल तर पातं कप्प्याच्या भिंतीवर आपटतं. पिनचं भोकही कालांतराने झिजून मोठं होतं, मग पिन अडकली तरी त्यात खडखडते. हाच तो आवाज.

गरम इंजिनवर आणि आयडललाच, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाच, का? कारण गरम ऑइल पातळ असतं आणि आयडलला पंप हळू फिरतो. दोन्ही वाईट गोष्टी एकाच वेळी. जरा रेस दिली की दाब वाढतो आणि आवाज गायब.

इथे एक घोळ होतो. याच इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड तुटतात, तिथून गॅस गळतो आणि तोही टिक-टिक वाजतो. पण तो थंड इंजिनवर जोरात असतो आणि मॅनिफोल्ड तापून फुगला की कमी होतो. फेझरचं बरोबर उलट. फेझरच्या संशयाने टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, उघडलं आणि निघाला तुटका स्टड, असं व्हायला नको. रॉकरचा, म्हणजे कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या पार्टचा, रोलर खराब झाला तरी टिकटिक येते, म्हणून स्टेथोस्कोप लावून आवाज पुढून येतोय की एखाद्या सिलिंडरवरून, ते बघा.

स्कॅनर लावा. पी-००११, पी-००१२ म्हणजे बँक एकचा कॅम सांगितलेल्या जागी नाही. बँक म्हणजे व्ही इंजिनची एक बाजू. पी-००२१, पी-००२२ म्हणजे बँक दोनचा. फोर्डमध्ये बँक एक पॅसेंजरच्या बाजूला, बँक दोन ड्रायव्हरच्या. पी-००१० किंवा पी-००२० असेल तर तो सोलेनॉइडच्या वायरिंगचा कोड आहे. तिथे आधी कनेक्टर बघा, पाना नंतर उचला. आणि लक्षात ठेवा, "कॅम जागेवर नाही" या कोडचा अर्थ "फेझर खराब आहे" असा होत नाही. कॉम्प्युटरला एवढंच कळतं की हुकूम दिला आणि कॅम हलला नाही, किंवा नको तेव्हा हलला. सोलेनॉइडची बारीक जाळी कचऱ्याने बंद असली तरी हाच कोड येतो, आणि नुसता सोलेनॉइड बदलणं हे टॅपेट कव्हर काढून होणारं काम आहे.

आता दाब. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. या गाड्यांत तो काटा खरा दाब दाखवतच नाही. खाली सेन्सरच्या जागी साधा स्विच आहे. अगदी किमान दाबाच्या वर गेलं की काटा मध्यावर येऊन बसतो आणि तिथेच राहतो. म्हणून तो स्विच काढायचा, तिथे मेकॅनिकल गेज लावायचा, गाडी चांगली अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण गरम करायचं, मग आयडलला आणि २००० आरपीएमला आकडा लिहून घ्यायचा. तो मॅन्युअलशी ताडून बघा.

दाब कमी निघाला तर ऑइल जातं कुठे? या इंजिनातला माझा पहिला संशयित हा.

[जुना टेन्शनर दाखवत]

हा टायमिंग चेनचा टेन्शनर, चेन ताणलेली ठेवणारा. हाही ऑइलच्या दाबावर चालतो, प्रत्येक बाजूला एक. याची बॉडी प्लास्टिकची आहे आणि मागे हे सील. सील जागेवरून निसटलं की दाबाखालचं ऑइल इथून थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, सांडतं. वर हेडला, म्हणजे फेझरला, उरलंसुरलं मिळतं. शिवाय टेन्शनर ढिला पडला की चेन लोंबते, गाईडवर, म्हणजे चेनला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर, घासते, गाईडचं प्लास्टिक तुटतं, तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. मग दाब अजून कमी. तुम्ही ऐकलेला आवाज मात्र वरच्या फेझरचाच, म्हणून शिव्या त्यालाच बसतात.

म्हणूनच त्या वेज टूलच्या शॉर्टकटबद्दल माझं मत फार चांगलं नाही. प्रकार असा, की पुढचं कव्हर न काढता, वरून चेनमध्ये पाचर ठोकून चेन ताणलेली ठेवायची आणि नुसते फेझर काढून नवे घालायचे. एका दिवसात काम होतं, खोटं नाही. पण ज्याच्यामुळे दुखणं सुरू झालं तो टेन्शनर आत तसाच राहतो. आणि पाचर निसटली तर टेन्शनरचा दांडा बाहेर येतो, मग पुढचं कव्हर काढावंच लागतं. गेजवर दाब उत्तम असेल आणि टेन्शनर नुकताच बदललेला असेल, तरच हा रस्ता घ्या.

तर पूर्ण कामाचं सामान: दोन फेझर, त्यांचे नवे बोल्ट, दोन सोलेनॉइड, दोन टेन्शनर, दोन चेन, चारही गाईड, क्रँकचं चाक, पुढच्या कव्हरची सीलं, टॅपेट कव्हरची गॅस्केट, आणि पुढचं उघडलंच आहे तर ऑइल पंप. पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, नंतर त्याच्यासाठी पुन्हा हे सगळं उघडायचं म्हणजे डोकं फिरतं. टेन्शनर घेताना प्लास्टिकऐवजी जुन्या पद्धतीचा लोखंडी बॉडीचा मिळतो, बरेच मेकॅनिक तोच घालतात. मीही तोच घालीन. फेझरमध्ये मात्र स्वस्ताई नको.

उघडणं भराभर सांगतो. बॅटरी काढा, कूलंट आणि ऑइल काढा, फॅन, बेल्ट, कॉइल, टॅपेट कव्हर, क्रँकची पुली पुलरने, मग पुढचं कव्हर. कव्हरचे खालचे काही बोल्ट चेंबरमधून वर येतात, ते विसरून कव्हर ओढू नका. कॉइल काढल्याच आहेत तर प्लगही बदलू, असा मोह होईल. जरा थांबा. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतले प्लग दोन तुकड्यांचे आहेत आणि काढताना खालचा तुकडा हेडमध्येच राहायची त्यांची ख्याती आहे. तो वेगळा व्हिडिओ आहे.

चेन काढायच्या आधीची पायरी कोणी गाळू नये. हे इंजिन असं आहे की टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात. आणि चेनचा ताण गेला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे कॅम झटक्याने फिरतो. म्हणून मॅन्युअल सांगेल त्या जागी क्रँक आणून, सांगेल ते रॉकर स्प्रिंग दाबायच्या टूलने आधी काढून घ्या. काढलेला प्रत्येक रॉकर त्याच्याच जागी परत जायला हवा, तेव्हा पुठ्ठ्यावर नंबर घालून ठेवा. फेझरचा बोल्ट सोडताना कॅम योग्य टूलने धरा. चेनच्या जोरावर बोल्ट सोडायचा नाही.

पृष्ठभाग साफ करताना ग्राइंडरला घासायची चकती लावू नका. ती बारीक धूळ ऑइलबरोबर थेट बेअरिंगमध्ये जाते. प्लास्टिकची पट्टी आणि क्लीनर, वेळ लागू दे. कॅमच्या कॅप उघडल्या तर तिथेही नजर टाका: या हेडमध्ये कॅमला वेगळं बेअरिंग नाही, तो थेट अॅल्युमिनियमवर फिरतो. तिथे खोल चरे पडले असतील तर दाब तिथूनही गळणार, आणि ते नव्या फेझरने भरून येत नाही. तेव्हा मालकाला स्पष्ट सांगायचं, हेडचा खर्च आहे.

बसवताना चेनच्या रंगीत कड्या. प्रत्येक चेनला खुणेच्या कड्या असतात, त्या फेझरच्या आणि क्रँकच्या चाकाच्या खुणेसमोर यायला हव्यात. कोणत्या बाजूला कोणती खूण हे मॅन्युअलच्या चित्रात बघूनच लावा, अंदाजाने नाही. टेन्शनरची पिन दोन्ही बाजू जुळल्यावरच ओढा. मग क्रँक हाताने, चालण्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठेही कडक लागलं तर थांबा, जोर लावू नका. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणेसमोर दिसणार नाहीत, घाबरू नका. कड्यांची संख्या आणि दात्यांचा हिशोब वेगळा असल्यामुळे त्या पुन्हा जुळायला बऱ्याच फेऱ्या लागतात. चाकांच्या खुणा जागेवर आहेत ना, तेवढं बघायचं.

फेझरचा बोल्ट आधी टॉर्कला आणि मग अंशांत फिरवायचा असतो. तो घट्ट होताना ताणला जातो, म्हणून जुना परत वापरायचा नाही. ब्लॉक, हेड आणि कव्हर जिथे भेटतात त्या सांध्यांवर सिलिकॉनचा ठिपका, पुलीच्या चावीच्या खाचेतही थोडं. टॅपेट कव्हर ठेवताना सोलेनॉइडच्या कनेक्टरचं रबर दुमडलं नाही ना, बघा. ऑइल तिथूनच बाहेर येतं.

नवं फिल्टर, ५-डब्ल्यू-२० ऑइल, सुमारे ६.६ लिटर. काही लोक जाड ऑइल घालून आवाज दाबतात. विकायच्या गाडीत ही युक्ती हमखास सापडते, घेताना सावध राहा. फेझर कायमचे जाम करणारी लॉकआउट किटही मिळतात. त्यांना कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं, आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीच्या प्रदूषण-नियंत्रणाशी असा खेळ करायला कायद्याने बंदी आहे. मी ते बसवत नाही.

पहिल्यांदा चालू करताना अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि मग स्टार्टर मारा. अशाने इंजेक्टर बंद राहतात, इंजिन नुसतं फिरतं आणि ऑइल वरपर्यंत चढतं. मेकॅनिकल गेज अजून लावलेलाच असू द्या. काटा उठला की पाय काढा आणि इंजिन चालू करा. पहिले काही सेकंद खडखड होईल, टेन्शनर भरेपर्यंत.

[क्लिप: तीच गाडी, गरम, ड्राइव्हमध्ये. गेज फ्रेममध्ये.]

गेज काढायच्या आधी गाडी पुन्हा पूर्ण गरम करून आयडलचा आकडा घ्या आणि कामाआधीच्या आकड्याशेजारी लिहा. पहिल्या ऑइल बदलाला फिल्टर कापून कागदात काय अडकलंय ते बघा. तुमच्या गाडीचे दोन्ही आकडे आणि आलेला कोड खाली लिहिलात, तर पुढच्या भागात त्यातल्या काही गाड्या घेऊन बोलू. प्लगचा व्हिडिओही येतोय.