ट्वायलाइट झोन: एका दडपलेल्या नाटकाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

'ट्वायलाइट झोन' ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाली. परग्रहवासी, यंत्रमानव, काळात मागेपुढे जाणारी माणसं, सगळं तिच्यात होतं. पण ती कशातून जन्मली हे पाहायचं, तर मिसिसिपी राज्यातल्या एका खुनापाशी जावं लागतं.

ऑगस्ट १९५५. एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तिथं नातेवाइकांकडे आला होता. दुकानातल्या एका गोऱ्या बाईची छेड काढल्याचा आळ त्याच्यावर आला. रात्री त्याला घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि प्रेत नदीत टाकलं. खटला चालला. ज्युरीत सगळे गोरे. दोन्ही आरोपी निर्दोष सुटले.

या मालिकेचा जनक रॉड सर्लिंग तेव्हा तिशीचा, टीव्हीसाठी नाटकं लिहिणारा नावाजलेला लेखक. महायुद्धात फिलिपीन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढलेला. या प्रकरणानं तो पेटून उठला आणि लिहायला बसला. पण त्या काळी कार्यक्रमाचा खर्च एखादी मोठी कंपनी उचलायची आणि संहितेत काय राहील, काय जाईल हे तिच्या मर्जीवर असायचं. सर्लिंगनं आधीच बळी म्हणून एक म्हातारा ज्यू माणूस घेतला होता. तरीही टिल प्रकरणाशी असलेला संबंध वर्तमानपत्रांत आला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णवादी संघटनांनी बहिष्काराची भाषा सुरू केली आणि प्रायोजक हादरले. नाटकातलं गाव उचलून थेट अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात नेलं. बळी 'कुणी एक परका' झाला. कोका-कोलाची बाटलीसुद्धा दिसता कामा नये, कारण तिनं म्हणे दक्षिणेची आठवण होते! एप्रिल १९५६ मध्ये जे प्रसारित झालं, त्यात एमेट टिल कुठं उरलाच नव्हता. दोन वर्षांनी सर्लिंगनं पुन्हा तोच विषय घेतला, तेव्हा तो १८७० सालात आणि एका मेक्सिकन तरुणावर ढकलावा लागला.

१९५६ मध्येच त्यानं सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नाटक लिहिलं होतं. त्यातल्या सिनेटरांनी चालू प्रश्नांवर बोलायचं नाही, अशी अट! पुढं त्यानं लिहिलं, की हेच नाटक २०५७ सालात नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते, तर बरं झालं असतं. माझ्या मते मालिकेचं बीज या वाक्यात आहे.

१९५८च्या नोव्हेंबरमध्ये त्याची 'द टाइम एलिमेंट' ही कथा पडद्यावर आली. एक माणूस स्वप्नात पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी जाऊन पोचतो आणि सगळ्यांना सावध करतो. त्याचं कुणी ऐकत नाही. प्रेक्षकांची इतकी पत्रं आली, की सीबीएसनं मालिकेला होकार दिला.

पहिल्या भागाआधी माइक वॉलेस या पत्रकारानं त्याला मुलाखतीत छेडलं, तेव्हा सर्लिंगनं सांगून टाकलं, की आता मी चालू सामाजिक प्रश्नांवर नाट्य लिहिणार नाही. पण मार्च १९६० मध्ये याच मालिकेत मेपल स्ट्रीट नावाच्या गल्लीची कथा आली. गल्लीतले दिवे जातात, गाड्या बंद पडतात. एक पोरगा म्हणतो, आपल्यात परग्रहवासी लपलेत. रात्र होईतो शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो, गोळी सुटते, एक निरपराध माणूस मरतो. टेकडीवरून खरे परग्रहवासी फक्त बघत असतात.

मालिकेचे १५६ भाग झाले, त्यातले ९२ सर्लिंगनं स्वतः लिहिले. पहिल्यांदाच बघणार असाल, तर मेपल स्ट्रीटपासून सुरुवात करा. नमस्कार.