आधी खोली मोजा, मग इंच

नमस्कार.

घरात गाणी ऐकायला स्मार्ट डिस्प्ले घ्यायचा, म्हणजे हाक मारली की गाणं लावणारा आणि समोर पडदा असणारा स्पीकर, तर तो कसा निवडावा, हा आजचा विषय. नागपुरात बर्डीवर कोणत्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला, "किती इंची दाखवू?" त्याला लगेच उत्तर देऊ नका. आधी खोली मोजा, मग इंच. आणि खोली मोजताना खिडकीतला कूलरही मोजा.

कूलर कशाला? त्यासाठी महाल भागातल्या एका वाड्यातल्या आजींची गोष्ट ऐका.

या आजींना पुण्याच्या नातवाने दिवाळीत असा एक डिस्प्ले पाठवला. मधल्या खोलीच्या भिंतीत जुना कोनाडा आहे. पूर्वी रेडिओ तिथेच असायचा, म्हणून डिस्प्लेही तिथेच बसला. आजींचा पलंग समोरच्या भिंतीशी, मध्ये बारा फूट. हिवाळाभर काही तक्रार नव्हती. पहाटे पडल्यापडल्या हाक मारायची, की अभंग सुरू. मार्च सरला, खिडकीत कूलर बसला आणि डिस्प्लेने ऐकणं सोडलं. एक हाक, दोन हाका, तिसरी आवाज चढवून. शेवटी आजी सुनेला म्हणाल्या, "अवं, कालपर्यंत आयकत होतं, आज काहून आयकून नाही राह्यलं?"

मुलगा डिस्प्ले खोक्यात घालून दुकानात घेऊन गेला. दुकानात एसी, काचेचं दार बंद. दुकानदाराने काउंटरवर लावून हाक मारली, पहिल्याच हाकेला गाणं. "भाऊ, यात काहीच बिघाड नाही." घरी आणून कोनाड्यात ठेवला, पुन्हा ठार बहिरा. दुसरी फेरी झाली. दुकानदाराने आतलं सगळं पुसून नव्याने चालू करून दिला. दुकानात झकास, घरी बहिरा.

तिसरी फेरी व्हायची, तर आदल्या रात्री वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा, राउटर आणि हा डिस्प्ले. कूलर अर्थातच बंद. आजींनी सवयीने हाक मारली, आणि कोनाड्यातून लगेच उत्तर आलं! अर्ध्या तासाने वीज आली, कूलर घरघरला, डिस्प्ले पुन्हा गप्प. सुनेने मग कूलरचं बटण बंद करून हाक मारली, चालू करून हाक मारली. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. दोष डिस्प्लेचा नव्हता, कूलरचा आवाज आडवा येत होता.

आता यातलं शास्त्र एवढंच. डिस्प्लेला एकापेक्षा जास्त माइक असतात. आपल्या स्वतःच्या स्पीकरमधून काय वाजतंय हे त्याला माहीत असतं, म्हणून ते तो ऐकलेल्या आवाजातून वजा करतो. त्यामुळे गाणं चालू असतानाही त्याला तुमची हाक कळते. कूलरचा आवाज मात्र त्याच्या हिशोबात नसतो. पंख्याची घरघर, पाण्याची टपटप, पत्र्याचा थरथराट, हे सगळं हाकेवर पसरतं. त्यात कोनाडा. तीन बाजूंनी भिंत, त्यामुळे बोलणं आत घुमून पोचतं आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात.

आजींनी तोवर आपला उपाय काढला होता. उठायचं, कूलर बंद, हाक, गाणं सुरू, कूलर चालू, परत पलंगावर. चार दिवसांनी म्हणाल्या, "गानं लावाले मले उठाच लागते, मंग रेडिओ काय वाईट होता?" आजींचं काही चुकलं नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हापासून आजतागायत रेडिओने कोणाला पासवर्ड मागितलेला नाही.

उपाय सोपा निघाला. डिस्प्ले कोनाड्यातून काढला आणि पलंगाशेजारी स्टुलावर, कूलरपासून लांबच्या बाजूला ठेवला. बारा फुटांचं अंतर तीन फुटांवर आलं. अंतर निम्मं झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. बारावरून सहा, सहावरून तीन, म्हणजे १२ डेसिबल. बंद खोलीत थोडं कमी धरा, तरी फरक मोठा. मागे वीतभर जागा सोडली. दुसरी गोष्ट, पहाटेच्या अभंगांसाठी हाक मारायची गरजच ठेवली नाही. फोनवरच्या ॲपमध्ये 'रूटीन', म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची यादी, उघडायचं, वेळ साडेपाच, आधी आवाज किती ती पायरी, आणि सगळ्यात शेवटी गाण्याची यादी. क्रम लक्षात ठेवा, आधी आवाज, मग गाणं. उलट केलं तर पहाटे साडेपाचला अख्खा वाडा जागा होतो.

कूलरचा विषय निघालाच आहे तर, खसच्या ताट्या काढून त्या जागी मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड लावण्याची जी टूम आली आहे, ती मला पटत नाही. टिकतात जास्त, मान्य आहे. पण पहिलं पाणी पडल्यावरचा खसचा वास त्या कागदाला कुठून येणार? असो.

तर पुन्हा सांगतो, आधी खोली मोजा, मग इंच. साडेपाच इंचांच्या ॲमेझॉनच्या इको शो ५ सारख्या लहान डिस्प्लेत एकच छोटा स्पीकर असतो. उशाशी, ओट्यावर, एका माणसाला पुरे. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं बसणार असतील तर आठ इंची घ्या, इको शो ८ मध्ये दोन स्पीकर येतात. गुगलचा नेस्ट हब सात इंची आहे आणि त्याला कॅमेरा नाही. झोपायच्या खोलीत ठेवायचा असेल तर मी हे गुण म्हणून मोजीन.

दुकानात पारखताना जाहिरातीतलं धडधडतं गाणं ऐकू नका. ढोलकी असलेली लावणी लावायला सांगा, नाहीतर तबल्याचा डग्गा नीट ऐकू येईल असं काही. आवाज आधी निम्मा ठेवा, मग जवळजवळ पूर्ण करा. लहान स्पीकरच्या आतला थरथरणारा पडदा पुरेशी हवा ढकलू शकत नाही, म्हणून चाटीचा बारीक आवाज ऐकू येतो आणि डग्ग्याचा जाड घुमारा नाहीसा होतो. पूर्ण आवाजात गाणाऱ्याचा 'स' चिरकला तर तो नग सोडून द्या. घरी मोठा ब्लूटूथ स्पीकर असेल तर मात्र लहान डिस्प्लेही चालतो, गाणं त्या स्पीकरवर पाठवता येतं. जुन्या ॲम्प्लिफायरला वायरने जोडायचा बेत असेल तर पाठीमागे हेडफोनचं भोक आहे का ते आधी पाहा. आताच्या बहुतेक मॉडेलांना ते नसतं.

आता गाणी येणार कुठून? डिस्प्लेत गाणी भरलेली नसतात. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक, यांपैकी घरात कशाचे पैसे आधीच जातात ते बघा, आणि तीच सेवा ज्यावर नीट चालते तो डिस्प्ले घ्या. मग ॲपमध्ये जाऊन तिला नेहमीची सेवा म्हणून निवडा. हे केलं नाही तर डिस्प्ले भलतीकडूनच गाणं शोधतो आणि लोक म्हणतात, याला मराठी गाणी मिळत नाहीत.

एका माणसाच्या वर्गणीवर दोन ठिकाणी गाणी चालवायला जाऊ नका. पुण्यात नातवाने बसमध्ये गाणं लावलं की नागपुरात आजींचा अभंग बंद पडतो. त्याला बिघाड समजून लोक राउटर बदलतात.

भाषेचं म्हणाल तर सेटिंगमध्ये हिंदी आणि इंग्रजी मिळते, मराठी नाही. म्हणून फोनवर आपल्या गाण्यांची यादी करा आणि तिला सोपं नाव द्या. हिंदी ठेवलं असेल तर 'सुबह', इंग्रजी असेल तर 'मॉर्निंग'. लांबलचक मराठी ओळ उच्चारून ती समजेल अशी आशा धरण्यापेक्षा हे बरं. तरी नाही कळलं तर पडद्यावर बोट लावा, गाण्यासाठी पडद्याचा खरा उपयोग तोच.

वायफायबद्दल थोडक्यात. गाण्याला डेटा फार लागत नाही, गाण्याचा दर्जा १६० केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) असेल तर तासाला ७२ एमबी, ३२० ला १४४. गाणं अडखळतं ते बहुधा सिग्नलमुळे. वाड्याची दीड फुटी भिंत किंवा पाण्याने भरलेला लोखंडी कूलर मध्ये आला की सिग्नल मरतो. अशा वेळी वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सोडून २.४ च्या पट्ट्यावर जोडा, तो भिंतीतून जास्त लांब पोचतो. फोनच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. फोन घेऊन माणूस भाजी आणायला गेला की गाणं त्याच्याबरोबर जातं.

आणि मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत डिस्प्ले ठेवू नका. अशा वस्तूंच्या पुस्तिकेत साधारण ३५ अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे पारा ४५ ला जातो. कूलरच्या थेट झोतातही नको, हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात.

शेवटची गोष्ट खरेदीच्या वेळेची. डिस्प्ले हिवाळ्यात घेतलात, तरी घरी आल्याबरोबर पहिल्याच दिवशी माळ्यावरचा कूलर खाली काढा, कोरडाच चालवा, आणि पलंगावरून हाक मारून बघा. परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि कूलर त्यानंतर कितीतरी महिन्यांनी बसतो.

नमस्कार.