म्युलर नावाची माणसं

नमस्कार श्रोतेहो.

आज एका आडनावाबद्दल बोलायचं आहे. जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव म्हणजे म्युलर. आपल्याकडे भर बाजारात 'अहो पाटील' अशी हाक मारली की चौघे वळून बघतात, तशीच तिथे म्युलरची गत.

म्युलर म्हणजे गिरणीवाला. युरोपात आडनावं पक्की होत होती त्या काळात ओढ्याकाठी, नदीकाठी पाणचक्क्या असत. बऱ्याच भागांत शेतकऱ्याला आपल्या जमीनदाराच्या चक्कीवरच धान्य दळून घ्यावं लागे, दुसरीकडे जायची मुभाच नसे. त्यामुळे गावोगाव एक म्युलर, आणि तो मापात मारतो असा गावाला कायमचा संशय. काही ठिकाणी तर गिरणीवाल्याच्या मुलाला इतर कारागिरांच्या संघात घेत नसत. आता आपल्याकडे पाहा. सुतार, लोहार, कुंभार, जोशी, सगळ्यांची आडनावं झाली, पण बलुतेदारांच्या यादीत दळणारा नाही. कारण दळण घरातल्या बाईच्या वाट्याला होतं, पहाटे उठून, जात्यावर. तिच्या कामावरून घराण्याला नाव कोण देणार?

असो. इतकं सर्रास आडनाव असलं की माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न येतो, आणि मग नावाला काहीतरी जोड द्यावी लागते. 1436 साली जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या एका लहान गावात एक योहानेस म्युलर जन्मला. गावाच्या नावाचा अर्थ होतो राजाचा डोंगर. हा मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे गावाच्या नावाचं लॅटिन होऊन जगात रेगिओमोंटानस म्हणून राहिला. आपल्याकडे जन्मता तर राजगडकर झाला असता! त्याने न्यूरेंबर्गला स्वतःचा छापखाना काढला आणि 1474 मध्ये ग्रहांची रोजची स्थानं देणारं, तीस वर्षांहून अधिक काळ पुरेल असं पंचांग छापलं. दिनदर्शिका सुधारायची म्हणून पोपने त्याला रोमला बोलावलं. तिथेच 1476 मध्ये, अवघ्या चाळिशीत तो वारला, आणि ती सुधारणा व्हायला पुढे 1582 उजाडलं.

पाचएकशे वर्षांनंतरही जोड द्यायची गरज संपली नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहावर जर्मनीकडून ज्या दोघांनी सह्या केल्या, त्यांतले एक परराष्ट्रमंत्री हेरमान म्युलर. संसदेत याच नावाचे आणखी सभासद, म्हणून त्यांना मतदारसंघावरून म्युलर-फ्रांकेन म्हणत. पुढे ते दोनदा चान्सेलर झाले. मार्च 1930 मध्ये त्यांचं आघाडी सरकार बेकारी विम्याच्या वर्गणीवरून पडलं. त्यानंतर हिटलर येईपर्यंत संसदेतल्या बहुमतावर उभं राहिलेलं एकही सरकार जर्मनीला मिळालं नाही. वर्गणीचा वाद तो केवढा, आणि परिणाम केवढा! आणि हिटलरच्या राज्यात आणखी एक म्युलर, हाइनरिश. पोलीस खात्यात त्याचा नावबंधू होता, म्हणून याला, हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या नावावरून, 'गेस्टापो म्युलर' म्हणत. ज्यूंच्या संहाराची आखणी झाली त्या जानेवारी 1942 च्या बैठकीत हा हजर होता. मे 1945 मध्ये तो बर्लिनमधून नाहीसा झाला. त्याच्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

आता आपल्या ओळखीचे म्युलर. पुण्यात बोट क्लब रोडवर, मुंबईत काळा घोड्याला ज्यांच्या नावाचं भवन आहे, ते मॅक्स म्युलर. पण आधी त्यांचे वडील विल्हेल्म यांच्याबद्दल दोन शब्द. देसाऊ नावाच्या गावात ग्रंथपाल असलेला हा कवी. त्याने चक्कीवर काम शिकणाऱ्या एका पोरावर कवितांची मालिका लिहिली: पोरगा ओढ्याच्या काठाकाठाने चालत निघतो आणि गिरणीवाल्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो. 1823 मध्ये त्या कवितांना व्हिएन्नात शूबर्टने चाली दिल्या. कवी आणि संगीतकार कधी भेटले नाहीत. दोघेही जेमतेम तिशी ओलांडून गेले, विल्हेल्म 1827 मध्ये, शूबर्ट त्याच्या पुढच्या वर्षी. त्या मालिकेतली पहिली ओळ जर्मन मुलांना अजून पाठ असते: भटकंती ही म्युलरची हौस. ही ओळ जरा ध्यानात ठेवा.

ज्या वर्षी शूबर्टने चाली बांधल्या, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विल्हेल्मला मुलगा झाला. फ्रीडरिश माक्स. वडील गेले तेव्हा पोर चार वर्षांचंही नव्हतं. हा मुलगा संस्कृत शिकला, पॅरिसला गेला, आणि ऋग्वेदाच्या हस्तलिखितांसाठी 1846 मध्ये इंग्लंडात आला, तो कायमचा. छपाईचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. सायणभाष्यासकट सहा खंड, पहिला 1849 मध्ये आणि शेवटचा 1874 मध्ये. इंग्लंडात तरी म्युलर कुठे कमी होते? त्यांनी 'मॅक्स' आडनावालाच चिकटवून टाकलं. ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर तर संस्कृतात स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवून घेतलं, आणि ऑक्सफर्डचं गोतीर्थ केलं. थोडा थाट आहे त्यात, पण मला तो आवडतो. 1860 मध्ये ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनासाठी मतदान झालं तेव्हा मात्र भट्टजी हरले आणि मोनियर विल्यम्स निवडून आले. परकेपणा आणि धर्मविषयक मोकळी मतं, दोन्ही त्यांना नडलं.

हिंदुस्थानात ते कधीच आले नाहीत. त्यांच्यावर आपल्याकडे आजही टीका होते, की कंपनीच्या पैशावर काम केलं आणि मनात ख्रिस्ती धर्माचा ओढा होता. ओढा होताच, त्यांच्या पत्रांत तो लपलेला नाही. पण त्यांच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे आणि ती पुण्याशी जोडलेली आहे. 1897 च्या सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वेदांच्या काळाबद्दल या दोघांचं मुळीच जुळत नव्हतं. मॅक्स म्युलर ऋग्वेद इसवी सनापूर्वी साधारण 1200 च्या पलीकडे न्यायला राजी नव्हते, आणि टिळकांनी चारच वर्षांपूर्वी नक्षत्रांच्या आधारे तो हजारो वर्षं मागे नेला होता. तरीही म्हाताऱ्या मॅक्स म्युलरांनी ऋग्वेदाची आपली दुसरी आवृत्ती तुरुंगात टिळकांना पाठवली. टिळकांना ती वापरायची परवानगी मिळाली, रात्री काही तास वाचायला दिवाही मिळाला. टिळकांच्या सुटकेसाठी इंग्लंडात जो अर्ज झाला त्यावर मॅक्स म्युलरांची सही होती, आणि मुदतीच्या सहा महिने आधी, 1898 च्या सप्टेंबरात, टिळक सुटले. आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या मूलस्थानाबद्दलचा ग्रंथ टिळकांनी 1903 मध्ये काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी दिवंगत मॅक्स म्युलरांचं हे ऋण नोंदवलं. ग्रंथातल्या सिद्धान्ताबद्दल आज कोणी काही म्हणो, वादातल्या प्रतिपक्षाला तुरुंगात वेद पाठवणारा माणूस मला विरळा वाटतो. इंग्लंडात असताना पंडिता रमाबाईही ऑक्सफर्डला त्यांच्या घरी पाहुण्या होत्या, आणि उतारवयातल्या आठवणींत त्यांनी रमाबाईंवर लिहून ठेवलं आहे.

आता एक प्रयोग. डोळे मिटा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून बोट अगदी हळू टेकवा. गाडी चालवत ऐकत असाल तर कृपा करून नको! अंधारात, नाकाच्या बाजूला, प्रकाशाचं एक कडं दिसेल. प्रकाश कुठेच नाही, नुसता दाब आहे. डोळ्याच्या मज्जातंतूला कशानेही डिवचा, तो उजेडच सांगणार. हा नियम मांडला बर्लिनच्या आणखी एका योहानेस म्युलरने, कोब्लेंट्सच्या चांभाराच्या मुलाने. हेल्महोल्ट्स, फिर्खो, श्वान अशी पुढे नामवंत शास्त्रज्ञ झालेली शिष्यमंडळी ज्याच्या हाताखाली तयार झाली त्याच्याबद्दल आणखी काय सांगायचं!

त्याच बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवलेला फ्रिट्स म्युलर. पुढे तो वैद्यकही शिकला, परीक्षा दिल्या, आणि अडला शपथेवर. शपथेत देवाचं आणि बायबलचं नाव होतं, ते घ्यायला हा पठ्ठ्या तयार होईना, म्हणून पदवी नाही. 1852 मध्ये बायको-मुलीला घेऊन हा दक्षिण ब्राझीलमध्ये ब्लूमेनाऊ या नव्या वसाहतीत गेला, कुऱ्हाडीने जंगल तोडून शेती करायला. जंगलात अनवाणी हिंडायचा. डार्विनचा सिद्धान्त हाती पडल्यावर त्याने कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांवर तो तपासून पाहिला आणि 1864 मध्ये लहानसं पुस्तक लिहिलं. डार्विन इतका खूश झाला की त्याने पदरचे पैसे घालून त्याचं इंग्रजी भाषांतर करवलं. दोघांची भेट कधी झाली नाही, पत्रं मात्र डार्विन जाईपर्यंत चालू होती.

फ्रिट्सचं नाव आजही कॉलेजात येतं ते फुलपाखरांमुळे. ब्राझीलच्या रानात काही फुलपाखरं खायला कडू असतात. त्यांतल्या वेगवेगळ्या जाती दिसायला हुबेहूब सारख्या का, हे कोडं होतं. कडू माल गोड्याने नक्कल करण्यासारखा असतो, पण कडूने कडूची नक्कल का करावी? फ्रिट्सचं उत्तर असं: नवखा पक्षी काही फुलपाखरं चाखल्यावरच शहाणा होतो. दोन जाती वेगळ्या दिसल्या तर प्रत्येकीला हा बळी स्वतंत्र द्यावा लागेल. सारख्या दिसल्या तर तो वाटून जातो, आणि जी जात संख्येने लहान तिचा फायदा मोठा. हे त्याने बीजगणित मांडून दाखवलं, 1879 च्या सुमारास. प्राणिशास्त्रात अशी समीकरणं तोवर जवळजवळ कोणी घातली नव्हती.

आता नोबेल. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट इथे आहे. म्युलर आडनावाच्या चौघांना नोबेल मिळालं, आणि या चौघांपैकी एकही जर्मनीत जन्मलेला नाही. इतकं अस्सल जर्मन आडनाव, आणि जन्मगावं कोणती? न्यूयॉर्क, स्वित्झर्लंडमधलं ओल्टन, तिथलंच बाझल, आणि रोमानियातलं एक खेडं.

न्यूयॉर्कचे हेरमान जोसेफ. त्यांचे आजी-आजोबा जर्मनीतून गेले, आणि अमेरिकेत आडनावातल्या स्वरावरचे दोन ठिपके गळाले. क्ष-किरणांनी आनुवंशिक गुण बदलतात हे त्यांनी फळमाश्यांवर दाखवलं. नोबेल 1946 चं.

ओल्टनचे पाउल हेरमान म्युलर मात्र आपल्या घरापर्यंत आले. बाझलच्या गायगी कंपनीतले हे रसायनज्ञ माश्या एका काचेच्या पेटीत सोडून एकामागून एक संयुगं तपासत बसले, आणि शेकडो निकामी ठरल्यावर 1939 मध्ये एक लागलं. ते संयुग 1874 मध्येच कोणीतरी बनवून ठेवलं होतं, कीटक मरतात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेच डीडीटी. 1948 मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. भारतात 1953 मध्ये हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण साठीच्या दशकात लाखाच्या आसपास आले. जुन्या माणसांना आठवत असेल, फवारणीवाले यायचे, भांडीकुंडी अंगणात निघायची आणि भिंतींवर पांढरे डाग राहायचे. पुढे डास निबर झाले, पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊ लागली, आणि 1972 मध्ये अमेरिकेने शेतीतला वापर बंद केला. आपल्याकडे शेतीत बंदी आली, पण हिवतापासाठी वापर चालू राहिला. त्या नोबेलला आज नावं ठेवणाऱ्यांनी साडेसात कोटींचा आकडा एकदा तरी मोठ्याने म्हणून पाहावा, असं मला वाटतं.

बाझलचे कार्ल आलेक्स म्युलर, झुरिचजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत. त्यांनी आणि गेओर्ग बेडनोर्ट्स यांनी 1986 मध्ये असा एक सिरॅमिक पदार्थ शोधला, जो तोवर कोणी कल्पिलं नव्हतं तितक्या 'गरम' तापमानाला विजेचा विरोध शून्यावर आणतो. गरम म्हणजे उणे 238 अंश सेल्सिअसच्या आसपास, हं! पुढच्याच वर्षी नोबेल.

चौथ्या हेर्टा म्युलर, 1953 चा जन्म, रोमानियातल्या जर्मनभाषक अल्पसंख्याकांतल्या. वडील हिटलरच्या एसएस या सशस्त्र दलात होते. युद्धानंतर आईला सोव्हिएत श्रमछावणीत पाच वर्षं काढावी लागली. हेर्टा एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीचं भाषांतर करत. गुप्त पोलिसांनी खबरी व्हायला सांगितलं, त्या नाही म्हणाल्या. मग ऑफिसातली जागा गेली, पण नोकरीवरून अजून काढलेलं नव्हतं आणि हजर राहणं भाग होतं. तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर हातरुमाल अंथरून शब्दकोश मांडीवर घेऊन भाषांतर करत बसल्या. 2009 मध्ये स्टॉकहोमला भाषण केलं ते सगळं हातरुमालावर. रोज सकाळी घरातून निघताना आई विचारायची, 'रुमाल घेतलास का?' माया शब्दांत दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती, ती या प्रश्नात होती. 1987 मध्ये त्यांनी देश सोडला आणि आडनावाच्या मूळ देशात त्या पहिल्यांदा राहायला आल्या.

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र असलेल्यांनी किरणोत्सर्ग मोजणारा जी-एम काउंटर हाताळला असेल. त्यातला जी म्हणजे गायगर, आणि एम म्हणजे त्यांचा विद्यार्थी वाल्टर म्युलर. हेही पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. आणि बर्लिनचे एर्विन म्युलर अमेरिकेत पेनसिल्वेनियाला गेले. ऑक्टोबर 1955 मध्ये टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे सुटे सुटे अणू त्यांनी पाहिले. शेजारी उभे होते कंवर बहादूर, त्यांचे भारतीय विद्यार्थी. अणू डोळ्यांनी पाहणाऱ्या पहिल्या दोघांत आपला एक माणूस, हे पाठ्यपुस्तकात का नसतं कोण जाणे.

आता फुटबॉलवाल्यांची चुळबूळ ऐकू येतेय. गेर्ड म्युलर! बुटका, जाड मांड्यांचा. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला 'छोटा जाड्या म्युलर' म्हटलं होतं. जर्मनीसाठी 62 सामने आणि 68 गोल. 1974 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून देणारा गोल त्याचा. पाठीवर आकडा 13. मग 2010 च्या मार्चमध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यानंतर एक पोरगेला खेळाडू पत्रकार परिषदेत माराडोनाशेजारी येऊन बसला. माराडोनाला वाटलं चेंडू उचलणारा पोऱ्या आहे, आणि तो उठून गेला. चार महिन्यांनी केपटाऊनला विश्वचषकात त्याच पोऱ्याने तिसऱ्या मिनिटाला अर्जेंटिनावर गोल ठोकला. शेवट 4-0. हा टोमास म्युलर. तोही 13 नंबरच घालायचा, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा बूट त्यालाच मिळाला. बायर्न म्युनिकमध्ये दहाव्या-अकराव्या वर्षापासून वाढलेला हा माणूस तिथून हलणार नाही असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण गेर्ड जसा कारकिर्दीच्या अखेरीला फ्लोरिडाला खेळायला गेला, तसा टोमासही 2025 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला गेला.

नमस्कार.