मान मो : देऊळ आणि चावडी

[दृश्य : छताला टांगलेल्या उदबत्त्या]

वर बघा, पण डोळे सांभाळून. छताला टांगलेली ही भलीमोठी वेटोळी म्हणजे उदबत्त्या. एक पेटवली की कित्येक दिवस धुमसत राहते. खाली लोंबणाऱ्या लाल चिठ्ठीवर ती लावणाऱ्याचं नाव आणि मागणं. राख मात्र कुणाच्याही डोक्यावर पडते.

हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरचं हे मान मो देऊळ. दोन देव शेजारी शेजारी. मान विद्येचा, हातात लेखणी घेतलेला. परीक्षा आली की मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईबाप इथे येतात. दुसरा मो, म्हणजे तलवारवाला सेनापती क्वान यू. शब्दाला जागणारा म्हणून त्याची ख्याती. गंमत अशी, की हाँगकाँगचे पोलीसही त्याला भजतात आणि गुंडांच्या टोळ्याही! आपल्या माझगावातल्या चिनी देवळातही तोच आहे.

[दृश्य : शेजारचं सभागृह, कुंग सो]

देऊळ उभं राहिलं 1847 साली. इंग्रजांचा अंमल येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली. पुढाकार लू आक्वी आणि टॅम आचॉय या दोन धनिकांचा. यातला लू अफूच्या युद्धात इंग्रजांना रसद पुरवून गबर झालेला. म्हणजे पुण्याईचा पैसा म्हणावा असा नव्हेच. पण चिनी माणसाला परक्या कोर्टाची ना भाषा कळे, ना कायदा. मग भांडणं इथे येऊ लागली. शेजारचा हा कुंग सो म्हणजे त्यांची चावडीच. उधारी, भागीदारी, घरातले तंटे, सगळ्याचा निवाडा इथे.

शपथही साधी नव्हे. पिवळ्या कागदावर म्हणणं लिहायचं, देवासमोर कोंबड्याची मान उडवायची आणि कागद जाळायचा. खोटं बोललो तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. एवढं झाल्यावर खोटं बोलायला छाती लागते.

[दृश्य : दक्षिणापेटी]

पुढे 1870 मध्ये चिनी लोकांचं तुंग वा रुग्णालय स्थापन झालं आणि पुढारपण हळूहळू त्याच्या संचालकांकडे गेलं. 1880 साली देवळाच्या उत्पन्नातून शेजारीच मोफत शाळा निघाली. 1908 मध्ये तर कायदा करून देऊळच तुंग वाकडे सोपवलं. आजही कारभार त्यांचाच. दर शरद ऋतूत संचालक पारंपरिक झगे घालून पूजेला उभे राहतात, आणि या पेटीत पडणारा पैसा त्यांच्या समाजकार्याला लागतो.