खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर घरी: कोपर दिसलं पाहिजे

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, खांद्याचे पेशंट रोजच बघते, पण रात्री तीन वाजता पेशंटचं काय होतं ते मला कळलं आईचं ऑपरेशन झालं तेव्हा. तिच्या रोटेटर कफचा, म्हणजे खांदा फिरवणारे जे ४ स्नायू असतात त्यातल्या एकाचा टेंडन (स्नायू हाडाला बांधून ठेवणारा चिवट पट्टा) हाडापासून सुटला होता, तो दुर्बिणीतून परत शिवला.

बाहेरून बघाल तर बारीक भोकं, दोनेक आठवड्यांत टाके निघतात, माणसाला वाटतं झालं की बरं, पण आत तो टेंडन हाडाला धरायला कितीतरी आठवडे लागतात आणि तोपर्यंत सगळा भार दोऱ्यांवर असतो. म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, झोपेतसुद्धा. खुर्चीतून उठताना त्या हातावर जोर नाही, वरच्या फळीवरचे डबे आधीच खाली काढून ठेवा.

ऑपरेशनसाठी मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. संध्याकाळी आई म्हणाली, अगं काहीच दुखत नाही, गोळी कशाला, आणि मी पण ऐकलं तिचं, पहाटे बधिरपणा उतरला आणि तिला रडू आवरेना, ते मला अजून लागतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी हात बधिर असतानाच, वेळेवर. बर्फ लावाल तो नॅपकिनमध्ये गुंडाळून, १५-२० मिनिटं.

पण खरा प्रश्न झोपेचा. सपाट पडलं की कोपर मागे जातं, खांदा ओढला जातो आणि ठणका सुरू. आम्ही दिवाणावर भिंतीला लोड लावला, त्यावर २ उशा, अर्धवट बसल्यासारखं, आणि दंडाखाली कोपरापर्यंत घडी घातलेली चादर. किती जाड घडी? तर पडल्या पडल्या स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे, दिसत नाही म्हणजे हात मागे गेलाय, अजून एक घडी घाला. त्या रात्री आई पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

कपडे पुढून बटणांचे, घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायला हात उचलायचा नाही, कमरेत वाकून हात सैल लोंबू द्यायचा, काख आपोआप उघडते. अंघोळ स्टुलावर बसून, जखम भिजवायची का ते डॉक्टर सांगतील. बोटं, मनगट मात्र दिवसभर हलवत राहा.

आणि हात जोडून सांगते, कुणीही येऊन तेल लावून चोळून देतो म्हटलं तर नाही म्हणा. ताप, जखमेतून पू, पोटरी सुजून दुखणं असेल तर लगेच डॉक्टरांना फोन, दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.

ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी जरा पुढे या, लोड आणि चादर घेऊन आलेय, घडी कशी घालायची ते दाखवते.