वॉकर्टनचं पाणी: वहीतला पाऊण मिलिग्रॅम

(पडद्यावर: पाणीपुरवठ्याचा छापील तक्ता. रकाने: तारीख, पंपाची वेळ, क्लोरीन.)

कॅनडातल्या वॉकर्टन या गावच्या पाणीपुरवठ्याचा हा रोजचा तक्ता. विहीर क्रमांक ५, मे २०००. १३ तारखेला पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला ०.७५ मिलिग्रॅम. १४ तारखेला ०.७५. १५ तारखेलाही ०.७५. तीन दिवस बरोबर पाऊण मिलिग्रॅम, ना कमी ना जास्त. पाण्याच्या कामात मुरलेल्या कुणालाही हा तक्ता बघून शंका यावी, कारण पाणी इतकं शिस्तीत वागत नाही. आणि यातला एकही आकडा खरोखर मोजलेला नव्हता. ते मनानेच भरले होते.

त्याच दिवसांत त्या विहिरीचं पाणी गावाच्या नळांना जात होतं. महिना संपायच्या आत गावात माणसं दगावली.

(दृश्य: हिरवी कुरणं, गुरं, दूरवर गाव.)

वॉकर्टन हे ओंटारिओ प्रांतातलं, टोरांटोच्या वायव्येचं छोटं गाव. वस्ती जेमतेम पाच हजार. आजूबाजूला शेती आणि गुरं. धरण नाही, मोठी शुद्धीकरण योजना नाही, पाणी जमिनीखालचं. विहिरी म्हणजे आपल्याकडच्या बांधलेल्या, रहाटाच्या विहिरी डोळ्यांपुढे आणू नका. त्या बोअर होत्या. पंपाने पाणी उपसायचं, त्यात क्लोरीन सोडायचा आणि पाइपात ढकलायचं. एवढीच योजना.

आता पाच नंबरची विहीर जरा जवळून बघू, कारण सगळं रामायण तिथलंच आहे. ती १९७८ साली खोदली. खोली १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट. दोनशे-तीनशे फूट बोअर घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. केसिंग पाइप, म्हणजे वरचं पाणी आत शिरू न देणारं नळीचं आवरण, फक्त वरच्या पाच मीटरपर्यंत. पाणी लागलं ते साडेपाच ते साडेसात मीटरच्या दरम्यान, भेगाळलेल्या खडकात. वर मातीचा थर पातळ. आणि शेजारी शेत.

जमिनीखालचं पाणी स्वच्छ असतं, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते खरंही असतं, पण त्यामागे कारण असतं. पावसाचं पाणी माती-मुरमाच्या जाड थरातून हळूहळू झिरपतं, त्याला महिने लागतात, आणि तेवढ्या वेळात जंतू अडकतात, मरतात. थर पातळ असेल आणि खाली खडकाला भेगा असतील तर ही गाळणीच उरत नाही. वरचं पाणी काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत पंपापर्यंत पोचतं. अशा बोअरचं पाणी भूजल म्हणून मोजलं जातं, पण ते वागतं ओढ्यासारखं.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. विहीर खोदताना पंप लावून चाचणी घेतली, तेव्हाच पाण्यात विष्ठेतले जंतू सापडले होते. भूजल तज्ज्ञाने शेजारच्या शेतापासून धोका असल्याचं लिहून दिलं होतं आणि आसपासच्या जमिनीवर नियंत्रण ठेवण्याचा विचार करा, असंही सुचवलं होतं. विहिरीला मंजुरी मिळाली. कसली अट मात्र घातली गेली नाही.

(दृश्य: मुसळधार पाऊस. शेतात साचलेलं पाणी.)

एप्रिल २०००च्या अखेरीस शेजारच्या शेतात शेणखत टाकलं गेलं. तिथल्या शेतकऱ्याने खत टाकण्याची मान्य पद्धत पाळली होती. पुढे चौकशीतही त्याला दोष दिला गेला नाही. मग ८ मेपासून पाऊस लागला. पाच दिवसांत १३४ मिलिमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या १२ तारखेला. कोकणातल्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही, पण तिथे मे महिन्यात असा पाऊस क्वचितच होतो. शेणातले जंतू पाण्याबरोबर खाली गेले आणि पाच नंबरच्या विहिरीत पोचले. दोन जंतू होते: ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार आणि कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात बिनबोभाट राहतात. हा प्रकार मात्र विष सोडतो. आधी रक्ताचे जुलाब होतात, आणि लहान मुलांमध्ये व म्हाताऱ्यांमध्ये काही वेळा थेट मूत्रपिंडच निकामी होतं.

क्लोरीन हे दोन्ही जंतू मारतो. क्लोरीन तर सोडला जात होता. मग?

क्लोरीनचा हिशोब खिशातल्या पैशांसारखा आहे. पाण्यात जी घाण असेल तिच्यावर तो आधी खर्च होतो. सगळा खर्च भागून जो उरतो तो राखीव, आणि नळापर्यंत पाण्याची राखण तोच करतो. घाण अचानक वाढली की नेहमीचाच डोस अपुरा पडतो आणि उरलेला आकडा शून्यावर येतो. म्हणून किती टाकला यापेक्षा किती उरला हे मोजायचं. तिथला नियम होता पंधरा मिनिटांनंतर लिटरला किमान अर्धा मिलिग्रॅम उरला पाहिजे. ज्या सकाळी हा आकडा खाली घसरतो, त्या सकाळी विहीर तुम्हाला सांगत असते की आत काहीतरी शिरलंय. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. ही चाचणी दोन मिनिटांची.

ती दोन मिनिटं वॉकर्टनमध्ये वर्षानुवर्षं दिली जात नव्हती. डोस कमी ठेवायचा आणि वहीत ०.५ किंवा ०.७५ लिहायचं, असा शिरस्ता पडला होता. तपासणीसाठी पाण्याचे नमुने भलत्याच ठिकाणी भरायचे आणि बाटलीवर तिसऱ्याच जागेचं नाव लिहायचं, हेही चालू होतं. पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्याचा भाऊ फ्रँक हे दोघं तिथेच काम करत वर चढलेले. औपचारिक शिक्षण नाही; प्रमाणपत्रं मिळाली ती आधीपासून कामावर आहेत म्हणून. त्यांना गावाचं वाईट करायचं होतं, असं कुठेही दिसत नाही. ते स्वतः विहिरीवर तेच पाणी, क्लोरीन न घालता, पीत असत. पाणी मुळातच चांगलं आहे, अशी त्यांची खात्री होती, आणि गावातले लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करायचे. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. लबाडीपेक्षा ही खात्री जास्त महागात पडली.

(दृश्य: फॅक्स मशीन. कागद हळूहळू बाहेर येतो.)

१७ मे. प्रयोगशाळेचा फॅक्स येतो: नमुन्यांत ई. कोलाय आहे. फॅक्स फक्त पाणीपुरवठा कार्यालयाला गेला. पर्यावरण मंत्रालयाला नाही, आरोग्य विभागाला नाही. १९९६ मध्ये ओंटारिओ सरकारने खर्चकपातीत पाणी तपासणीचं काम खासगी प्रयोगशाळांकडे सोपवलं होतं, आणि वाईट निकाल सरकारला कळवलाच पाहिजे, असं बंधन मात्र घातलं नव्हतं. सरकारी प्रयोगशाळा असती तर फोन गेला असता.

१८ तारखेला मुलं आजारी पडू लागली. दोघांना ओवेन साउंड या शहरातल्या रुग्णालयात हलवलं. १९ला तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आरोग्य विभागाला सावध केलं. विभागाने स्टॅन कोबेलला फोन लावला. पाणी ठीक आहे, असं उत्तर मिळालं. फॅक्स हातात येऊन दोन दिवस झाले होते. त्यात भर म्हणजे सात नंबरच्या विहिरीवर त्या आठवड्यात क्लोरीनचं यंत्रच बसवलेलं नव्हतं, तिचं पाणी तसंच गावात जात होतं, आणि हेही त्याने सांगितलं नाही. एकीकडे तो पाइपांमध्ये भरमसाट क्लोरीन सोडून ते धुऊन काढत होता, दुसरीकडे फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगत होता. आरोग्य विभागाचे लोक दूषित अन्नाचा शोध घेत बसले.

शेवटी कोंडी फुटली ती एका निनावी फोनने. २० तारखेला पाणीपुरवठ्यातल्याच एका कर्मचाऱ्याने मंत्रालयाच्या आपत्कालीन क्रमांकावर नमुने खराब आल्याचं कळवलं. २१ मेला, रविवारी दुपारी, पाणी उकळून प्यायची सूचना निघाली. ती स्थानिक रेडिओवरून दिली, आणि त्या दिवशी ती सगळ्यांपर्यंत पोचलीही नाही. २२ला पहिला मृत्यू.

एकूण सात जण दगावले. २,३०० हून जास्त आजारी पडले; पाच हजारांच्या गावात. २७ जणांच्या मूत्रपिंडावर गंभीर परिणाम झाला, त्यातली निम्मी मुलं एक ते चार वर्षांची. पाणी उकळून पिण्याची सूचना उठली ती ५ डिसेंबरला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने जानेवारी २००२ मध्ये पहिला अहवाल दिला. कोबेल बंधूंना त्यांनी मोकळं सोडलं नाही, पण तिथेच थांबलेही नाहीत. मंत्रालयाच्या तपासण्यांत या विहिरीचा धोका का दिसला नाही, कपातीनंतर कोण कोणावर लक्ष ठेवणार होतं, हे सगळं त्यांनी उलगडलं. त्यांचा एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारं यंत्र असतं तर ही साथ टळली असती, आणि रोज हाताने जरी मोजलं असतं तरी तिचा आवाका खूप कमी झाला असता. त्याच वर्षी ओंटारिओत सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला. २००४ पासून वॉकर्टनमध्येच पाणी योजना चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देणारं केंद्र आहे. २००४च्या डिसेंबरमध्ये स्टॅन कोबेलला एक वर्षाचा तुरुंगवास आणि फ्रँकला नऊ महिन्यांची नजरकैद झाली.

(दृश्य: महाराष्ट्रातलं गाव. पाण्याची उंच टाकी, खाली व्हॉल्व्ह.)

आता हे सगळं आपल्याला का सांगायचं? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. आधी पोट बिघडायचं, मग हातापायांतली ताकद जायची. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत जो जंतू सापडला त्याचं नाव तुम्ही मघाशी ऐकलंय: कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. संशय पाण्यावर गेला, आणि त्याच परिसरातल्या नांदेड गावाची (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे) विहीर बातम्यांत आली.

आपल्या गावांत क्लोरीनचं यंत्र क्वचित. आपल्याकडे असतं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, आणि निदान अर्धा तास तरी थांबून मग पाणी सोडायचं. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. हा हिशोब ताज्या पावडरीचा, ज्यात क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पंचायतीच्या खोलीत दमट कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पिशवीत त्यातला बराचसा उडून गेलेला असतो. माणूस इमानदारीने वजन करून टाकतो आणि पाण्यात जातो तो नुसता चुना.

म्हणून ओटी टेस्ट. जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी तपासणारा माणूस, काचेच्या नळीत पाणी घेतो, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग पहिल्या काही सेकंदांतच बघायचा. नंतर हळूहळू येणारा पिवळेपणा फसवा असतो. आणि टेस्ट टाकीखाली उभं राहून करायची नाही, शेवटच्या टोकाच्या घरी करायची. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

शेवटचंच घर का, तर आपलं पाणी वॉकर्टनसारखं चोवीस तास नसतं. दिवसाआड तासभर येतं. बाकी वेळ पाइप रिकामे, आणि ते बऱ्याच ठिकाणी गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले. त्यात नळाला थेट टिल्लू पंप लावलेला असला की जिथे जोड सैल असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पंप लावणाऱ्याला ते दिसत नाही. बहुतेक वेळा ते शेजाऱ्याच्या हंड्यात जातं. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते पिण्यासाठी भरू नये, हे बायका कुणी न सांगताही पाळतात, आणि बरोबरच करतात.

पावसाळ्यात बोअरला गढूळ पाणी येत असेल तर ती पाच नंबरच्या विहिरीची जातकुळी समजा. आपला काळा कातळ वरून अभेद्य वाटतो, पण त्यात पाणी मुरतं ते फटींतूनच.

एक मात्र खरं की क्लोरीन सगळ्यावर उतारा नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांतलं फ्लोराइड किंवा खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे वाढलेलं नायट्रेट त्याने हलत नाही. उकळून तर ते आणखी घट्ट होतं. फ्लोराइडची शेवटची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. हे रंग, वास, चव बघून कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा व्हायला हवी, आणि अहवाल ग्रामपंचायतीत मागता येतो. स्वतःचा नमुनाही थोड्या फीमध्ये देता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि काही तालुक्यांनाही आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही, तिथूनच निर्जंतुक बाटली आणायची. तोटीचं तोंड पुसून पाणी थोडं वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता ती भरायची, आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची.